नानांच्या हाताचं माप

रोज सकाळी पावणेदहाला रामहरीकाका दूध संघाच्या कचेरीचं कुलूप काढत, चेअरमनच्या खोलीत जात आणि रिकाम्या खुर्चीवरचा पंखा लावत. दहा मिनिटं. तेवढ्यात टेबल पुसून होई, पाण्याचा पेला पालथा घालून होई. मग पंखा बंद करून ते बाहेर स्टुलावर येऊन बसत. चेअरमन पंधरवड्यातून एकदा येत, आणि आले तरी दुपार टळल्यावर. कुणी हटकलं तर काका म्हणत, "खुर्ची तापलेली नसावी." आष्टीत सगळंच तापतं. पत्रे तापतात, टाकीतलं पाणी तापतं, सायकलची सीट तापते. काकांना काळजी त्या एका खुर्चीची.

आमच्या घराला लागून त्यांचं घर होतं, मध्ये कमरेएवढी भिंत. मी त्यांना काका म्हणत आले ते शेजारी म्हणून. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना आवाज मऊ करायची आपल्याकडे रीत आहे. रामहरीकाकांच्या बाबतीत ती पाळली तर त्यांच्यात जे एकच खरं होतं तेही खोटं वाटायला लागेल.

ते एक खरं म्हणजे त्यांना मूठ कळायची.

बहात्तरच्या दुष्काळात, सोळाव्या वर्षी, खडी फोडायला जाण्याऐवजी ते नगरला पळाले. तिथं लष्कराच्या छावणीत गोल्फचं मैदान होतं. आधी ते चेंडू गोळा करत. मग मैदानाच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये महेबूब मिस्त्री नावाचे गृहस्थ काठ्या दुरुस्त करायचे, त्यांच्या हाताखाली गेले आणि सोळा वर्षं तिथंच राहिले. गोल्फची काठी म्हणजे एक पोलादी दांडा, खाली चेंडूला मारायचं डोकं आणि वर धरायला रबराची मूठ. बघणाऱ्याचं लक्ष डोक्याकडे जातं. मिस्त्रींचं म्हणणं असं की सगळा खेळ मुठीत असतो, कारण माणसाचा काठीशी संबंध तेवढ्याच वीतभर जागेत येतो.

काठी डाव्या हातात धरायला लावायची. बोटं मिटली की मधल्या दोन बोटांची टोकं अंगठ्याखालच्या मांसल भागाला नुसती टेकली पाहिजेत. टेकली नाहीत, फट राहिली, तर मूठ जाड आहे. मनगट वळणार नाही आणि चेंडू उजवीकडे पळेल. टोकं तळव्यात रुतली तर मूठ बारीक आहे. चेंडू डावीकडे पळेल. माप ठरलं की जुनी मूठ कापून काढायची, दांडा खरवडायचा, दोन्ही अंगांनी चिकटणारी पट्टी गुंडाळायची, नव्या मुठीत पेट्रोल फिरवायचं आणि एका दमात ती दांड्यावर सारायची. मध्येच थांबलं की संपलं. रबर तिथंच धरतं. हे सगळं मला काकांनीच सांगितलेलं आहे, भिंतीवर कोपर टेकून, अनेकदा.

मिस्त्रींची एक गोष्टही ते सांगत. एकदा एक बडा अधिकारी शेडमध्ये आला आणि जाड मूठ बसवून मागू लागला. मिस्त्रींनी त्याचा पंजा हातात घेतला, बोटं मिटवून पाहिली आणि म्हणाले, "साब, ओहदा बडा है, पंजा छोटा है." अधिकारी मोठ्यानं हसला आणि बारीक मूठ बसवून घेऊन गेला. तो गेल्यावर मिस्त्रींनी काकांना सांगितलं, "हात देखको देना रामहरी, आदमी देखको नक्को." ही गोष्ट सांगताना काका मिस्त्रींचा आवाज काढायचे, आणि आवाज चांगला काढायचे.

मिस्त्री वारले, शेड बंद झाली, काका आष्टीला परत आले. राधाकिशनराव तालुका दूध संघाचे चेअरमन होते. सगळा तालुका त्यांना नाना म्हणायचा. त्यांनी काकांना शिपाई म्हणून ठेवलं, पण रोजंदारीवर. संघात माणसांच्या दोन जाती होत्या, कायम आणि रोजंदार. कायम माणूस चहा बसून प्यायचा, रोजंदार उभ्यानं. कायम माणसाच्या पोरीला स्थळं यायची. काका आठ वर्षं उभ्यानं चहा प्यायले. त्यांचं प्रत्येक वाक्य "कायम झालो की" असं सुरू व्हायचं. कायम झालो की पत्रा बदलू. कायम झालो की वर्षाराणीला बारावीपर्यंत शिकवू. वर्षाराणी त्यांची एकुलती मुलगी, तेव्हा माझ्याच वर्गात, आठवीत.

संध्याकाळी मात्र त्यांच्या ओट्यावर गल्लीतल्या बाया खुरपी घेऊन यायच्या. लोहाराच्या खुरप्याची मूठ सगळ्यांना सारखीच. दिवसभर निंदलं की तळहाताला फोड यायचे. काका बाईचा हात लांबूनच बघायचे, मूठ तासायची की जाड करायची ते ठरवायचे आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी काढून ती मुठीवर अशी ओढून बसवायचे की जोड शोधून सापडू नये. त्या वेळी ते बोलत नसत. खांदे खाली आलेले असत. कचेरीत जो माणूस दारापाशी अर्धा वाकून उभा असायचा, तो ओट्यावर ताठ बसलेला दिसे. त्यांच्या बायकोचा, छबुकाकूंचा, हात मोठा होता. "फावड्यावानी हात हाय हिचा," काका चारचौघांत सांगत, आणि तिच्या खुरप्याला ट्यूबचे दोन पदर देत.

शहाण्णव साल होतं. आष्टीत एसटीडीचे पिवळे बूथ आले होते, गच्च्यांवर ताटाएवढ्या डिश उगवल्या होत्या आणि बाहेरच्या कंपन्या आता खेड्यापाड्यांत येणार असं जो तो बोलत होता. पुण्याची एक कंपनी लोणी आणि चीजचा कारखाना काढायला जागा शोधत होती. नानांचा पी. ए. आदिनाथ, ज्याचं काम नानांच्या मनात असलेलं नानांच्या आधी बोलणं हे होतं, त्यानं बातमी आणली की कंपनीचे मोठे साहेब गोल्फ खेळतात.

"मोठी कामं आता बैठकीत होत न्हाईत नाना," तो म्हणाला. "मैदानावर होतेत."

नानांनी नगर रस्त्याच्या कडेचा आपला नऊ एकरांचा माळ साफ करून घेतला. तीन भोकं पाडली, तीन झेंडे लावले, गवत लावलं. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकर तिसऱ्या दिवशी येई. माळावर रोज दोन येत. बाया हंडे घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या राहत आणि गवताकडे जाणारं पाणी बघत. आमच्याकडे माणसं गवतालाही मान देतात, फक्त ते नानांचं पाहिजे.

काठ्यांचा जुना संच मुंबईहून आला. चौदा काठ्या, आणि चौदांच्या मुठी वाळून चिरलेल्या. तेव्हा आदिनाथला आठवलं की आपल्या शिपायानं नगरला काहीतरी असलंच केलेलं आहे. आठ वर्षांत पहिल्यांदा काकांना बंगल्यावर बोलावणं आलं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला. नाना म्हणाले, "रामहरी, ह्या काठ्या नीट करून दे. साहेब येऊन गेले की तुझ्या आर्डरवर सही करतो." आर्डर म्हणजे कायम झाल्याचा कागद. त्या क्षणापासून काकांचा सगळा जन्म त्या कागदाच्या अलीकडे आणि पलीकडे असा उभा राहिला.

माप घ्यायचं ठरलं दुसऱ्या दिवशी सकाळी, बैठकीत. बंगल्यापुढच्या लांब व्हरांड्यात नेहमीची वीसेक माणसं होती. कुणी बदलीसाठी आलेलं, कुणी ठरावासाठी, कुणी नुसतं दिसायला. नाना झोपाळ्यावर. काका त्यांच्या पायाशी उकिडवे बसले.

"नाना, डावा हात द्या जरा."

"डावा कावून बे?"

"माप डाव्याचंच घेतेत."

"ज्योतिषीबी उजवा मागतो," नाना म्हणाले, "आन् ह्याला डावा पायजे." वीस माणसं हसली. हसण्यासारखं काही नव्हतं, पण त्यांचं तेच काम होतं.

नानांनी हात पुढे केला. नाना म्हणजे सहा फुटांचा माणूस, मान बैलासारखी, मिशा कानापर्यंत, आवाज चार वावरं ओलांडून जाणारा. हात मात्र लहान. गोरा, मऊ, बोटं आखूड, तीन बोटांत अंगठ्या रुतलेल्या. पेढ्याच्या पुड्यासारखा हात. काकांनी तो जुन्या काठीवर ठेवला आणि बोटं मिटवली. टोकं तळव्यापर्यंत पोचलीच नाहीत. मध्ये करंगळी जाईल एवढी फट राहिली. ती जुनी मूठ मधल्या मापाची होती, म्हणजे नानांना सगळ्यात बारीक मूठ लागणार होती. हे काकांना बोटं मिटण्याआधी कळलं असणार. बायांचे हात ते लांबून ओळखायचे.

"केवढं निघालं?" आदिनाथनं विचारलं.

काका हात धरून बसलेलेच.

"बोल की बे," आदिनाथच परत म्हणाला. "हात धरून बसलाय, लगीन लावायचंय का?"

"मोठं," काका म्हणाले. "लई मोठा पंजा हाय नानांचा. त्या मापाची मूठ पुण्यात भेटती का न्हाई, बघावं लागंल."

"न्हाई भेटली तर मुंबई गाठ," कुणीतरी म्हणालं. "वाघाचा पंजा हाय तो."

नानांनी स्वतःचा हात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, जणू तो आजच मिळाला होता. पुढे दोन दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हात दाखवत होते म्हणे.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून छबुकाकूंचा आवाज आला. काकूंचा आवाज कधी लहान नव्हता.

"खरं माप काय हाय मग?"

"बारीक. बायांच्या मापाची बसंल त्यास्नी."

"मंग तसं सांगायचं."

"वीस मान्सात? नानांचा हात बायकी हाय म्हनून?"

"माजा हात फावड्यावानी हाय हे सांगताना कुटं जड गेलं तुमाला?"

"तुज्या हातात माजी आर्डर न्हाई," काका म्हणाले.

मग भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला, नेहमीपेक्षा जोरात.

काका पुण्याला गेले आणि सगळ्यात जाड अशा चौदा मुठी घेऊन आले. माळावरच्या शेडमध्ये दोन दिवस बसून त्यांनी त्या चढवल्या. शाळा सुटल्यावर वर्षाराणी आणि मी बघायला जायचो. पट्टीला एक सुरकुती नाही, पेट्रोलचा एक डाग नाही, मुठीवरची खूण चौदाही काठ्यांवर एका रेषेत. चुकीचं काम इतक्या निगुतीनं झालेलं मी नंतर पुष्कळ पाहिलं, कचेऱ्यांत, विद्यापीठांत. पहिल्यांदा पाहिलं ते तिथं.

नाना सराव करू लागले. काठी हातात मावत नव्हती; ते ती नरडं आवळल्यासारखी धरत. चेंडू प्रत्येक वेळी उजवीकडे, बाभळींत. आदिनाथ टाळ्या वाजवायचा. काका चेंडू आणायला पळायचे आणि पळता पळता ओरडायचे, "लांब गेला नाना! लई लांब!" चाळिशीचा माणूस काट्यांतून चेंडू वेचत, मागे वळून कौतुक करत पळतोय, हे दृश्य बघताना वर्षाराणी माझ्याकडे बघत नसे.

साहेब येण्याला दहा-बारा दिवस राहिले असतील. एका दुपारी सगळे जेवायला गेले होते आणि माळावर नाना आणि काका दोघंच होते. पुढचं काकांनीच आम्हाला सांगितलं, आणि सांगताना लाजले नाहीत, उलट आपली हुशारी म्हणून सांगितलं. नाना दुधाच्या पालथ्या कॅनवर बसले. घाम पुसला. आणि ज्या माणसाला आयुष्यात कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं तो म्हणाला, "रामहरी, हितं कुनी न्हाई. खरं सांग. माजं काय चुकतंय?"

नाना मला कधी आवडले नाहीत, पण त्या दुपारी ते खरं ऐकायला तयार होते. दार त्यांनी उघडलं होतं. बारीक मुठी आणायला एक दिवस, चढवायला दोन दिवस. हातात दहा होते. वीस माणसं नव्हती, आदिनाथ नव्हता. महेबूब मिस्त्रींनी सोळा वर्षं जे शिकवलं ते उच्चारायला याहून निवांत जागा माणसाला मिळत नाही.

काका म्हणाले, "तुमचं काय चुकनार नाना? जमीन उजवीकडं उतरती हाय. चेंडू उताराला जातोय."

चेंडू हवेतून जात होता. हवेला उतार नसतो. पण दुसऱ्या दिवशी माळावर बुलडोझर आला. तीन दिवस त्यानं ते वाढलेलं गवत मुळासकट खरवडलं, जमीन डावीकडे दबवली, आणि मग नवं गवत आणि परत टँकर. "मी काय कच्चा हाय व्हय?" काका भिंतीवरून आम्हाला सांगत होते. "नाना खूश. म्हनाले, रामहरी, तूच बरोबर वळखलंस."

साहेब आले तो दिवस जानेवारीतला, स्वच्छ उन्हाचा. मांडव घातला होता, हलगी होती, दोनेकशे माणसं होती, आमची शाळा ओळीनं उभी केलेली होती. साहेब साठीचे, पांढऱ्या टोपीचे, हळू बोलणारे. त्यांनी पहिला चेंडू मारला. काहीच झाल्यासारखं वाटलं नाही. नुसता एक कोरडा आवाज आला आणि चेंडू सरळ झेंड्याकडे गेला.

नाना पुढे झाले. हाताला घाम होता, तो त्यांनी धोतराला पुसला. काठी मागे नेली आणि सगळा जोर लावून आणली. चेंडू जागेवरच राहिला. काठी त्यांच्या हातातून सुटली, गरगरत वर गेली, मांडवाचं कापड फाडून आत शिरली आणि भज्यांच्या कढईजवळ आदळली. आचारी किंचाळत बाहेर आला. लागलं कुणाला नाही. हलगीवाल्यानं काडी उगारलेली ती तशीच राहिली.

साहेब शांतपणे मांडवात गेले, काठी घेऊन आले, मुठीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "हात बघू तुमचा." नानांनी दिला. साहेबांनी तो मुठीवर ठेवला, मिटवला.

"राव, ही मूठ तुमची नाहीच. तुमचा हात लहान आहे. माझ्या मुलीच्या काठ्या गाडीत आहेत, त्या घ्या. बरोबर बसतील तुम्हाला."

त्यात टोमणा नव्हता. चष्म्याचा नंबर सांगावा तसं ते बोलले. पण दोनशे माणसांनी जमिनीकडे बघितलं. नानांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग विटेसारखा.

"ह्या मुठी कुनी बसवल्या?" आदिनाथ ओरडला, जणू त्याला माहीत नव्हतं. "रामहरी! हिकडं ये!"

काका पुढे आले. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, परत मुठीकडे पाहिलं.

"तुम्ही बसवल्या? माप चुकलंय, पण काम फार सुंदर आहे. असं काम मी पुण्यातही बघितलं नाही. कुणाकडे शिकलात?"

माणसाच्या आयुष्यात असा प्रश्न एकदाच येतो, काहींच्या येतही नाही. उत्तर दोन शब्दांचं होतं, एक नाव आणि एक हुद्दा. नगरच्या शेडमधल्या त्या म्हाताऱ्यानं दुसरं काही मागे ठेवलेलं नव्हतं, ना घर, ना मूल. हा एक रामहरी ठेवला होता. मी काकांच्या अगदी समोर, मुलींच्या पहिल्या रांगेत होते. त्यांनी साहेबांकडे पाहिलंच नाही. ते नानांकडे बघत होते.

"कुनाकडं न्हाई साहेब," काका म्हणाले. "मला काय कळतंय ह्यातलं? मी शिपाई मानूस. नानांनी बारीकच आन म्हनून सांगितलं हुतं. म्याच ध्यानात ठिवलं न्हाई, दुकानदारानं दिल्या त्या चिकटवल्या."

नानांनी श्वास सोडला. मग हसले. मग दोनशे माणसं हसली, हलगी वाजली. "अडानी हाय साहेब," नाना काकांच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "पन इमानदार हाय." काठी साहेबांनी काकांच्या हातात परत दिली, आणि देताना क्षणभर त्यांच्या बोटांकडे पाहिलं. ती बोटं काय जाणतात ते त्यांना कळलं असावं.

कारखाना पुढे दुसऱ्याच जिल्ह्यात गेला. माळावर दोन वर्षांत ज्वारी आली. आर्डर मात्र आठ दिवसांत निघाली. काकांनी ती काच लावून भिंतीवर टांगली, आणि गल्लीत पेढे वाटले. पेढा मी घेतला, आणि खाल्लाही. हसणाऱ्या दोनशेंमध्ये मीही होते. त्यामुळे माझा तिरस्कार फार उंचावरून येतो असं कुणी समजू नये.

माणूस पोटासाठी खोटं बोलतो, ते मला समजतं. काकांनी पुढे जे केलं ते मला समजत नाही. आर्डर आल्याच्या आठवड्यात बायनाबाई, कोपऱ्यावरच्या घरची म्हातारी, खुरपं घेऊन ओट्यावर आली. काका म्हणाले, "मावशी, मला कुटं येतं त्यातलं?"

"आरं, दहा वर्सं झाली करतूयास की."

"ते आसंच, उगं. लोहाराकडं जावा."

बायनाबाईनं त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि खुरपं उचलून गेली. गावादेखत सांगितलं होतं की मला कळत नाही; आता ओट्यावर बसून मुठी बांधताना कुणी बघितलं आणि नानांच्या कानावर गेलं तर? कागद आता कुणी काढून घेणार नव्हतं. कायम म्हणजे कायम. पण ते घाबरले होते, आणि घाबरून राहिले. छबुकाकूंच्या खुरप्याची ट्यूब सुटली तेव्हा काकूंनी ते त्यांच्या पुढ्यात टाकलं. ते तसंच पडून राहिलं. दोन दिवसांनी काकूंनीच त्यावर चिंधी गुंडाळली, वेडीवाकडी, आणि कामाला गेल्या. संध्याकाळी त्यांनी तळहातावरचे फोड दिव्याजवळ धरले आणि एवढंच म्हणाल्या, "बगा, तुमची आर्डर."

पुढेपुढे तर काका नगरचीही वेगळीच हकीकत सांगू लागले. कुणी विचारलं तर म्हणत, "तितं गवत कापायला हुतो." महेबूब मिस्त्रींचा आवाज काढणं बंद झालं. सोळा वर्षं त्यांनी गवताखाली पुरली, आणि वर ताठ मानेनं बसून चहा प्यायले. चार वर्षांत शरीरानं जाड झाले. संघाच्या खाकी गणवेशात ते चांगले दिसत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. नव्या रोजंदारांना ते उभं ठेवत.

दोन हजार एकच्या मार्चमध्ये, एका सोमवारी सकाळी, त्यांच्या छातीत कळ आली. डावा हात जड झाला. छबुकाकूंनी भिंतीवरून आमच्या बाबांना हाक मारली, बाबांनी स्टँडवरून जीप आणली. नगरला न्यायचं ठरलं. कडा गावाच्या पुढे, जीपमध्येच, ते गेले. दवाखाना अजून बराच लांब होता.

त्याआधी जीप दारात उभी राहिली तेव्हा ते खाटेवर बसलेले होते. कपाळावर घाम, ओठ काळसर. बाबांनी काखेत हात घातला तर त्यांनी तो बाजूला केला.

"थांबा. आदी रजेचा अर्ज लिवू द्या."

"आवो, मरंना ती रजा," छबुकाकू म्हणाल्या. "उटा आदी."

"आसं न्हाई चालत. कायम मान्साला बिनाअर्जाचं ऱ्हाता येत न्हाई. वर्षे, कागद घे."

वर्षाराणीची बारावीची परीक्षा चालू होती. वही उघडीच होती. तिनं मधलं पान फाडलं. अक्षर नेहमीसारखं सुरेख काढत होती. माननीय चेअरमनसाहेब यांचे सेवेशी, एवढं लिहून तिनं वडिलांकडे पाहिलं.

"दादा, किती दिवसांची लिहू?"

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ होऊन गेले होते.

"अर्ध्या दिसाची लिव," ते म्हणाले. "दुपारून जातो की मी."